पारसिक हिलवरचे दहा दिवस : धम्मविपुलचं विपश्यना शिबिर, एका अकाउंटंटच्या नजरेतून

नवी मुंबईतल्या बेलापूरच्या पारसिक हिलवर ‘धम्मविपुल’ हे विपश्यना ध्यानाचं केंद्र आहे. मे महिन्याचं थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं मासिक विवरणपत्र, वीस जूनला भरून मी तिथल्या दहा दिवसांच्या शिबिराला गेले आणि सात जुलैला टीडीएस, म्हणजे लोकांच्या पैशांतून आधीच कापलेला कर, भरायच्या आत ऑफिसात परत हजर झाले. तेव्हापासून ओळखीचे लोक, त्यातही आमच्याच कामातले, एकच विचारतात. मनःशांती वगैरे ठीक आहे ताई, पण कामात लक्ष लागतं का? महिनाअखेरीला काही उपयोग होतो का? हा अभिप्राय तेवढ्या प्रश्नापुरता आहे. धम्माबद्दल, मुक्तीबद्दल ज्यांना वाचायचं आहे त्यांच्यासाठी माझ्याहून जाणती माणसं आहेत.

उपयोग होतो. कामाचा वेग वाढेल अशी माझी अपेक्षा होती, तो फारसा वाढला नाही. जे मिळालं ते माझ्या कामाला वेगापेक्षा जास्त लागणारं होतं. ते काय, हे सांगण्यासाठी आधी काम सांगावं लागेल.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी हिशेब बघते. या कामाचा कणा म्हणजे जुळवणी. दर महिन्याच्या चौदा तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर टू-बी येतं, म्हणजे सप्लायरांनी आमच्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी, ती आपल्या खरेदी रजिस्टरशी ताडून बघायचं. जानेवारी २०२२ पासून टू-बीमध्ये न दिसणाऱ्या बिलाचं क्रेडिट, म्हणजे त्यावर भरलेल्या कराची वजावट, घेता येत नाही. म्हणजे सप्लायरने बिल दाखवलंच नसेल, किंवा आमचा जीएसटी नंबर टाकताना एखादा आकडा इकडचा तिकडे केला असेल, तर ते निस्तरेपर्यंत पैसे आमचे अडकतात. एक्सेल बरंचसं काम करून देतं. उरतं ते डोळ्यांनीच करावं लागतं. कुणी बिल नंबर पूर्ण लिहितो, कुणी पुढची शून्यं गाळतो, कुणी तिरकी रेघ मारतो तर कुणी आडवी. रक्कम जुळते पण तारीख पुढच्या महिन्यातली असते. अशा वेळी मन त्या एका ओळीवर असावं लागतं. आणि नेमक्या त्याच वेळी स्टोअरवाला ई-वे बिल, म्हणजे माल पाठवतानाचा जीएसटीचा कागद, मागायला येतो, बँकेचा फोन येतो, ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांचा मेसेज पडतो.

सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये याच विषयावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो आणि नव्या कामाला अपुरं मन मिळतं, असं त्यांनी दाखवलं. मला ते वाचून नवल वाटलं नाही. मी प्रत्येक जुळवणी दोनदा करत असे, कारण पहिल्या वेळी आपण खरोखर बघत होतो की नुसती नजर फिरत होती, याची खात्रीच नसायची. दुपारी चारनंतर तर एकच ओळ तीनतीनदा वाचून पुढे जायचं आणि पुन्हा मागे यायचं. संध्याकाळी घरी जाताना थकवा यायचा तो कामाचा कमी आणि या येरझाऱ्यांचा जास्त.

त्याआधी इतर काही केलं नव्हतं असं नाही. ऑफिसने एकदा दोन तासांचं माइंडफुलनेस सत्र ठेवलं होतं. सांगणारी बाई मनापासून सांगत होती, श्वासाचे दोन व्यायाम चांगले होते, पण दोन तासांत जे शिकलं ते आठवड्याभरात विरलं. मग फोनवरचं ॲप घेतलं. त्यातला आवाज छान होता, दहा मिनिटं बरं वाटायचं. पण डोळे उघडले की समोर फोन, आणि फोनवर पंधरा निळे ठिपके. ज्या वस्तूमुळे लक्ष उडतं तिच्यातूनच लक्ष शिकायचं हे मला झेपलं नाही. कुणाला झेपत असेल तर त्यांनी ते जरूर चालू ठेवावं.

धम्मविपुल निवडायचं कारण अगदी साधं, ते जवळ आहे. विपश्यना म्हटलं की सगळे इगतपुरीचं नाव घेतात. तिथलं धम्मगिरी केंद्र मोठं आहे, जुनं आहे, १९७६ पासून तिथे शिबिरं होतात. पण घरी सासूबाई एकट्या आणि मुलीची बारावी. रात्री-अपरात्री काही झालं तर ठाण्याहून कुणाला तासा-दीड तासात पोचता यावं, एवढी माझी अट होती. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची पनवेल लोकल धरायची, गाडी बदलायची नाही, सीवूड्स दारावेला उतरायचं आणि रिक्षाने टेकडी चढायची. अर्ज ऑनलाइन असतो. त्यात शरीराच्या आणि मनाच्या आजारांची, चालू औषधांची माहिती विचारतात. ती खरी आणि पूर्ण द्या. गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांनी हे शिबिर करू नये असं संस्था स्वतःच स्पष्ट सांगते, आणि आत गेल्यावर ते का सांगतात हे चांगलंच समजतं.

फी नाही. राहणं, जेवण, शिकवणं, कशाचेही पैसे घेत नाहीत. शिबिर पूर्ण केल्यावर इच्छा असेल तर दान द्यायचं, आणि ज्याने एकही शिबिर पूर्ण केलेलं नाही त्याचं दान घेतच नाहीत. स्वयंपाकघरात, ध्यानकक्षात राबणारे धम्मसेवकही मोबदला घेत नाहीत. माझं आयुष्य खर्चाच्या व्हाउचरांत गेलं आहे. पावती न फाडता इतकी शिस्तशीर चालणारी व्यवस्था मी दुसरीकडे पाहिलेली नाही, आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता आतलं. पोचल्याच्या संध्याकाळी फोन जमा. पुस्तक, वही, पेनसुद्धा वापरायचं नाही. त्या रात्रीपासून दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन, म्हणजे बोलणं बंदच, शिवाय खाणाखुणा नाहीत, एकमेकींकडे बघून हसणंही नाही. अडचण असेल तर व्यवस्थापकांशी आणि साधनेबद्दल आचार्यांशी बोलता येतं. बायका आणि पुरुष यांची राहण्या-जेवण्याची सोय वेगळी. पहाटे चारला घंटा, साडेचारला पहिली बैठक, साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, पाचला चहा आणि फळ-मुरमुऱ्यासारखं काहीतरी हलकं, रात्री साडेनऊला दिवे बंद. रात्रीचं जेवण नाही. दिवसाकाठी दहा तासांहून जास्त बसणं होतं. जेवण साधं, शाकाहारी, आणि मला आवडलं. भुकेची भीती मला सगळ्यात जास्त होती, पण दुसऱ्या दिवसानंतर ती मनातही आली नाही.

पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान. नैसर्गिक श्वास येतो-जातो तो जाणायचा, एवढंच. दीर्घ करायचा नाही, मोजायचा नाही, त्याला मंत्राची जोड द्यायची नाही. नाकपुड्यांच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर जी इवलीशी जागा आहे तिथे लक्ष ठेवायचं. मन गेलं की परत आणायचं, चिडायचं नाही. सांगायला इतकं सोपं वाटतं, पण पहिल्या दिवशी माझं मन चार श्वाससुद्धा टिकत नव्हतं. आणि जायचं कुठे? भिवंडीच्या एका सप्लायरच्या क्रेडिट नोटकडे, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणाऱ्या कागदाकडे. मार्चअखेर येणं बाकी असलेल्या बिलांच्या तरतुदीकडे. सासूबाईंच्या गोळ्यांकडे. मग परत क्रेडिट नोटकडे. बाहेर पाऊस कोसळत होता, आत सगळ्या जणी दगडासारख्या बसलेल्या, आणि माझ्या डोक्यात लेजर, हिशेबाची खतावणी, उघडलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिल्यांदा काहीतरी वेगळं झालं आणि या सगळ्या अभिप्रायातला महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. तोवर मन गेलेलं मला नेहमी उशिरा कळायचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं भटकून आल्यावर लक्षात यायचं की अरे, आपण श्वासावर नव्हतोच. त्या दुपारी क्रेडिट नोटचा विचार सुरू होतानाच दिसला. विचार पूर्ण झाला नव्हता. फक्त छातीत किंचित घट्टपणा आला, भुवया आवळल्या गेल्या आणि श्वास आखूड झाला. विचाराआधी शरीर हललं होतं. आणि ते दिसल्याबरोबर विचाराची ओढ सैल पडली. मी त्याला हाकललं नाही. बघितलं, आणि श्वासावर परत आले.

तिसऱ्या दिवशी हे अनेकदा झालं. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत संवेदना पाहत जायचं, सुखद असो वा दुःखद, प्रतिक्रिया द्यायची नाही. त्याच दिवसापासून अधिष्ठानाच्या बैठका असतात : रोज तीन वेळा, तासभर, मांडी मोडायची नाही, हात उघडायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. माझ्या डाव्या गुडघ्याने पाचव्या-सहाव्या दिवशी जीव नकोसा केला. ज्यांना खरोखरच खाली बसता येत नाही त्यांना खुर्ची मिळते, ते अर्जातच लिहावं. मी खालीच बसले. दुखणं आणि दुखण्याची चिडचिड या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला त्या गुडघ्याने शिकवलं. ऑफिसात फोन वाजणं आणि फोन वाजल्याचा वैताग या दोन गोष्टीही तशाच वेगळ्या आहेत.

संध्याकाळी सातला या साधनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांचं ध्वनिमुद्रित प्रवचन असतं. दिवसभराच्या गोंधळावर त्याच रात्री उत्तर मिळतं, त्यामुळे मी त्याची वाट बघायचे. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याबद्दल आधीपासून कानावर होतं, नंतर मी शोधून वाचलं आणि अक्षरशः भारावले. हा माणूस आमच्यातला! १९१७ मध्ये बर्माच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत कारकून म्हणून लागला. ४ जानेवारी १९४८ ला देश स्वतंत्र झाला त्या दिवशी स्वतंत्र बर्माचा पहिला अकाउंटंट जनरल झाला. १९५० मध्ये त्याने कचेरीतल्या लोकांसाठी कचेरीतच विपश्यनेचं मंडळ काढलं. पुढे एका वेळी तीन, कधी चार खात्यांचा प्रमुख म्हणून काम केलं आणि साधना शिकवणंही चालू ठेवलं. लक्ष आणि हिशेब यांचं नातं जोडायला आपल्याला परदेशी कंपन्यांची उदाहरणं कशाला हवीत? रंगूनच्या सरकारी कचेरीत खतावण्या तपासणाऱ्या माणसाने ते सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच जोडलं होतं.

याच गुरूंकडे गोएंका १९५५ मध्ये गेले ते मायग्रेनसाठी. फक्त डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, असं त्यांना सांगण्यात आलं. ही गोष्ट ऐकताना मला स्वतःचा अर्ज आठवला. मीही एका परीने कामाची डोकेदुखी घालवायलाच आले होते. शिबिरात कुणीही उत्पादकता वाढेल, बढती मिळेल असलं काही सांगत नाही, आणि हे मला योग्य वाटतं. तशी हाव धरून श्वास बघायला बसलं की मन दर पाच मिनिटांनी ‘फरक पडला का’ असं विचारतं आणि तेवढ्याने बैठक वाया जाते. दुखणं घेऊन जायला हरकत नाही. आत गेल्यावर ते बाजूला ठेवता आलं पाहिजे.

आता ऑफिसबद्दल. परत आल्यावर चौदा जुलैला टू-बी उघडलं. सप्लायर तेच, तिरक्या रेघाही त्याच. ग्रुपवर मेसेज पडत होते. फरक इतकाच, की हात फोनकडे जाण्याआधी तो जायला निघालाय हे कळत होतं. बोटांत एक हलकीशी चुळबुळ येते. ती दिसली की मी ती ओळ पूर्ण करते, शेवटच्या तपासलेल्या बिलाला पिवळा रंग देते आणि मग फोन बघते. कधीकधी तोवर बघावंसंही वाटत नाही. स्टोअरवाला आला तर कीबोर्डवरून हात उचलून त्याच्याकडेच बघते, त्याचं काम संपवते, एक-दोन श्वास वरच्या ओठावर जाणवू देते आणि पिवळ्या ओळीवर परत जाते. पूर्वी त्याच्याशी बोलताना डोळे स्क्रीनवर असायचे आणि स्क्रीनवर असताना कान त्याच्याकडे.

त्या महिन्यापासून मी जुळवणी एकदाच करते. पहिली फेरी पूर्वीपेक्षा हळू होते, दुसरी करावी लागत नाही. वेळेचा हिशेब मांडला तर फार मोठी बचत दिसणार नाही. पण संध्याकाळी शीट बंद करताना ‘बघितलंय’ हे माहीत असतं, आणि चोवीस तास डोक्यात चालू राहणारं ते लेजर आता घरी येत नाही. मुलीच्या फिजिक्सच्या शंका ऐकताना मी तिथेच असते. हा फायदा कुठल्या अप्रेझलच्या रकान्यात बसत नाही, तरी माझ्या दृष्टीने तो सगळ्यात मोठा आहे.

आमच्या ज्युनियरने विचारलं, “ताई, मग फक्त आनापानच शिकवलं तर नाही का चालणार? दहा दिवस कशाला?” कामापुरतं बघितलं तर त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. मला डेस्कवर जे उपयोगी पडतं ते पहिल्या तीन दिवसांतलं आहे. पण ते तीन दिवस उरलेल्या सातांशिवाय टिकले असते असं मला वाटत नाही. लक्ष गेलेलं दिसणं आनापानाने आलं, ते दिसल्यावर स्वतःवर न चिडणं मात्र गुडघ्याच्या दुखण्यातून आलं. आणि चिडचिड गेली नाही तर परत येण्याचा कंटाळा येतो.

दोन गोष्टी मला कठीण गेल्या. पहाटेच्या पाली पठणाशी मी शेवटपर्यंत जुळवून घेऊ शकले नाही, ते माझ्यासाठी लांब होतं. प्रवचनांतल्या पुनर्जन्माच्या भागाशीही मी सहमत नाही. पण जे पटत नाही ते बाजूला ठेवा आणि साधना करून बघा, असं गोएंका स्वतःच सांगतात. मी तेच केलं आणि त्यामुळे काही अडलं नाही.

खरी कसोटी घरी आल्यावर लागते. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसावं असं शिबिरात सांगतात. ठाण्यात राहून, डबे करून, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून येणाऱ्या नवऱ्याची वाट बघत, संध्याकाळचा तास मला रोज मिळत नाही. सकाळचा मी सोडत नाही. पाचला उठते, सासूबाई उठायच्या आत बसणं आटोपतं. संध्याकाळी जमेल तितकं. सणासुदीत सलग काही सकाळी बुडाल्या तर त्याचा परिणाम थेट शीटवर दिसतो, पुन्हा ओळी दोनदोनदा वाचल्या जातात. ज्याला दहा दिवस करून मग काहीच करायचं नाही, त्याने कामासाठी म्हणून जाऊ नये असं मी स्पष्ट सांगेन. जुन्या साधकांसाठी, म्हणजे ज्यांचं एक शिबिर पूर्ण झालं आहे त्यांच्यासाठी, एक दिवसाची शिबिरं असतात, आणि केंद्र जवळ असल्याचा खरा फायदा तिथे होतो. इगतपुरीला एका दिवसासाठी माझं जाणं झालं नसतं. बेलापूरला सकाळी जाऊन रात्रीच्या स्वयंपाकाला घरी येता येतं.

आमच्या कामातल्यांसाठी तारखांचं गणित सांगते, कारण सगळ्यांची गाडी तिथेच अडते. शिबिर दहा दिवसांचं असलं तरी पोचण्याचा आणि निघण्याचा धरून बारा दिवस मोकळे लागतात, आणि पोचण्याचा दिवस सोडून मोजलं तर अकराव्या दिवशी सकाळीच सुटका होते. वीस तारखेचं थ्री-बी झाल्यावर निघालात तर पुढच्या महिन्याच्या सातच्या टीडीएसआधी परत येता. मार्च-एप्रिल आणि टॅक्स ऑडिटचा सप्टेंबर सोडा. जागा लवकर भरतात, तेव्हा दोन-तीन महिने आधी अर्ज करा आणि रजा मंजूर करून घेतल्यावरच पक्कं करा, कारण मधून निघून येणं तुमच्याही हिताचं नाही आणि प्रतीक्षा यादीतल्या कुणाची तरी जागा वाया जाते. निघण्याआधी पोर्टलचे पासवर्ड आणि ओटीपी कुणाच्या फोनवर येणार हे ऑफिसात मार्गी लावा. माझा ओटीपी माझ्याच नंबरवर यायचा, तो साहेबांच्या नंबरवर करून घेतला म्हणून बारा दिवस निर्धास्त गेले. सैल कपडे, एक शाल, आणि पावसाळ्यात जात असाल तर लवकर वाळणारे कपडे जास्त घ्या. गुडघ्याची तक्रार असेल तर आधी घरी महिनाभर रोज थोडं थोडं खाली बसायची सवय करा.